नगरपरिषदेच्या कामगार धोरणाचा फेरआढावा : सुरुवात नेमकी कोठून करावी?

तापीकाठ (प्रश्न)

नमस्कार. जळगाव जिल्ह्यातील एका ‘ब’ वर्ग नगरपरिषदेत मी डिसेंबर 2025 च्या निवडणुकीत पहिल्यांदाच निवडून आले आहे. प्रशासकांच्या प्रदीर्घ कारभारानंतर सभागृह पुन्हा भरले आणि सुरुवातीच्याच एका सर्वसाधारण सभेत नगरपरिषदेच्या कामगारविषयक धोरणाचा फेरआढावा घेण्यासाठी सदस्यांची एक छोटी समिती नेमण्याचा ठराव झाला. त्या समितीचे काम माझ्याकडे आले आहे.

आस्थापना विभागाकडे ‘धोरण’ मागितले तेव्हा हाती आला तो वेगवेगळ्या काळातील ठरावांचा आणि परिपत्रकांचा गठ्ठा. त्यात रजेचे नियम आहेत, गणवेशाचा ठराव आहे, रोजंदारीचे दर ठरवणारे दोन-तीन ठराव आहेत. परंतु आज शहर प्रत्यक्षात ज्यांच्या हातून झाडले जाते, त्या ठेक्यावरील कामगारांविषयी एक ओळही नाही. कायम सफाई कामगार निवृत्त होत चालले आहेत, जलशुद्धीकरण केंद्रावर आणि व्हॉल्व्हवर काही माणसे अनेक वर्षे रोजंदारीवर आहेत, आणि घंटागाडी, झाडलोट व गटारसफाई ही कामे ठेकेदारामार्फत चालतात. सफाईच्या ठेक्याची मुदत येत्या काही महिन्यांत संपत असल्याने नवी निविदाही निघणार आहे.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. समितीने प्रथम कोणती कागदपत्रे मागवावीत? 21 नोव्हेंबर 2025 पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्यामुळे नगरपरिषदेच्या दृष्टीने प्रत्यक्षात काय बदलले? आणि नगरपरिषदेला स्वतःच्या अधिकारात नेमके किती करता येते, की आकृतिबंध (मंजूर पदांची रचना) आणि मंजुरी यांच्या पलीकडे आपला हातच पोहोचत नाही? मुख्याधिकारी साहेब सहकार्य करणारे आहेत, परंतु “कायद्यात असेल ते निविदेत येतेच” या उत्तरापुढे चर्चा सरकत नाही.

निवृत्त लेखापाल, नंदुरबार

ताई, आपल्या मुख्याधिकाऱ्यांचे वाक्य अर्धे खरे आहे आणि त्यातच सगळी अडचण आहे. निविदेत कायदा येतो, म्हणजे “ठेकेदाराने सर्व प्रचलित कामगार कायद्यांचे पालन करावे” असे एक वाक्य येते. ते वाक्य पाळायला लागणारा पैसा अंदाजपत्रकात धरलेला असतो की नाही, आणि बिल काढताना ते पाळले गेले आहे की नाही हे कोणी पाहते की नाही, या दोन प्रश्नांची उत्तरे म्हणजेच आपल्या नगरपरिषदेचे खरे कामगार धोरण होय. म्हणून माझा सल्ला असा की, ठरावांचा गठ्ठा तूर्त बाजूला ठेवावा आणि चालू निविदा व तिच्यावर निघालेली बिले यांपासून सुरुवात करावी.

मागील 12 महिन्यांच्या प्रत्येक बिलासोबत चार कागद मागा: हजेरीपत्रक, बँकेतून वेतन जमा झाल्याची यादी, भविष्यनिर्वाह निधीच्या भरण्याचे कामगारनिहाय विवरणपत्र आणि कर्मचारी राज्य विम्याचे चलन. हे चारही कागद फायलीत बहुधा सापडतील. ते वेगवेगळे पाहिले तर प्रत्येक कागद बिनचूक दिसतो. चारही शेजारी शेजारी ठेवून नावे जुळवली की मगच चित्र उघडते. हजेरीत साठ नावे, बँकेच्या यादीत बावन्न, निधीच्या विवरणपत्रात चाळीस आणि त्या चाळिसांतही काही नावे दुसऱ्याच गावच्या कामावरील, असा प्रकार मी नोकरीत असताना पाहिलेला आहे. चलनाची केवळ एकूण रक्कम पाहून बिल मंजूर करण्याची सवय अनेक ठिकाणी असते. ठेकेदाराचे चार गावांत काम असेल तर एकाच चलनाची प्रत चारही नगरपरिषदांच्या फायलीत लागू शकते. निधीचा युनिव्हर्सल खाते क्रमांक आणि नाव यांची कामगारनिहाय पडताळणी केल्याशिवाय हे लक्षात येत नाही.

आता पैशाचा हिशेब. खालील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. आपल्या परिमंडळाचा (किमान वेतनासाठी ठरवलेल्या क्षेत्राचा) चालू दर कामगार विभागाच्या अधिसूचनेतून घ्यावा. समजा 60 कामगार आहेत आणि मूळ वेतन अधिक विशेष भत्ता (महागाईनुसार बदलणारा भाग) मिळून रोज 600 रुपये होतात. 26 दिवसांचे प्रत्येकी 15,600 रुपये, म्हणजे महिन्याचे 9,36,000 रुपये. 15,000 रुपयांच्या मर्यादेवर मालकाचा 12 टक्के भविष्यनिर्वाह निधी प्रत्येकी 1,800 रुपये, एकूण 1,08,000. निधीशी जोडलेला विमा आणि प्रशासकीय शुल्क मिळून सुमारे एक टक्का, म्हणजे 9,000. राज्य विम्याचा मालकाचा हिस्सा 3.25 टक्के, म्हणजे 30,420. एकूण बेरीज 10,83,420 रुपये. हा झाला ज्याच्यात एक पैसाही कमी करता येत नाही असा खर्च, आणि यात बोनस, गमबूट, हातमोजे, साबण, ठेकेदाराचा नफा यांपैकी काहीही नाही. नगरपरिषदेने अंदाजपत्रकात मजुरीचे 12 लाख धरले आणि ठेकेदाराने 15 टक्के कमी दराने काम घेतले, तर त्याच्या हाती येतात 10,20,000. म्हणजे कामगारामागे महिन्याला 1,057 रुपयांची तूट पहिल्या दिवसापासूनच आहे. ही तूट ठेकेदार स्वतःच्या खिशातून भरत नाही, हे सांगायला लेखापाल लागत नाही. तरीही अशी निविदा उघडली गेली की सभागृहात “नगरपरिषदेची बचत झाली” असे म्हणून बाके वाजवली जातात.

यावर उपाय अवघड नाही. निविदेत वेतन आणि त्यावरील वैधानिक देणी हा भाग नगरपरिषदेने स्वतः निश्चित करून द्यावा व तो स्पर्धेबाहेर ठेवावा. निविदाधारकांनी फक्त सेवाशुल्क, यंत्रसामग्री आणि इंधन यांवर दर भरावेत. आणखी एक बाब हमखास राहून जाते. साफसफाई सातही दिवस चालते, पण माणूस सहाच दिवस काम करणार. रोज 60 माणसे रस्त्यावर हवी असतील तर पटावर 70 लागतात. अंदाजपत्रकात 60 च धरली असतील, तर साप्ताहिक सुटी कागदावरच राहणार हे अंदाजपत्रक करणाऱ्यानेच ठरवून टाकलेले असते.

पांझरा (धुळे, कामगार कायद्याचे काम)

लेखापाल साहेबांनी मुळावर बोट ठेवले आहे. मी कायद्याच्या बाजूचे लिहितो.

चार संहितांनी 29 केंद्रीय कायद्यांची जागा घेतली. किमान वेतन, वेतन प्रदान, बोनस आणि समान वेतन हे विषय वेतन संहिता, 2019 मध्ये आले. कंत्राटी कामगारांचा विषय व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, 2020 मध्ये आला. भविष्यनिर्वाह निधी, राज्य विमा, उपदान (ग्रॅच्युइटी) व प्रसूती लाभ सामाजिक सुरक्षा संहितेत गेले. जुन्या नियमांपैकी आणि अधिसूचनांपैकी जे संहितांशी विसंगत नाही, ते मधल्या काळात चालू राहते. त्यामुळे “नवे नियम येईपर्यंत थांबू” हे उत्तर कोणी दिले तर ते स्वीकारू नये.

आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची तरतूद व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या कलम 57 मध्ये आहे. त्यानुसार आस्थापनेच्या गाभ्याच्या कामासाठी कंत्राटी कामगार लावण्यास मनाई आहे. गाभ्याचे काम कोणते हे कलम 2 मध्ये सांगितले आहे आणि तेथे झाडलोट, कचरा गोळा करणे व त्याची विल्हेवाट, पहारा, बागकाम, मालाची चढउतार अशी कामे गाभ्याबाहेर ठेवली आहेत; मात्र त्याला एक अट जोडलेली आहे की, ती आस्थापना त्याच कामासाठी स्थापन झालेली नसावी. कापड गिरणीसाठी झाडलोट हे बाहेरचे काम ठरते, यात वाद नाही. परंतु महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, 1965 नुसार सार्वजनिक रस्त्यांची व गटारांची सफाई हे नगरपरिषदेचे बंधनकारक कर्तव्य आहे. मग जी संस्था याच कामासाठी अस्तित्वात आली, तिच्यासाठी हे काम गाभ्याबाहेरचे कसे ठरेल, हा प्रश्न आपली समिती लेखी स्वरूपात विचारू शकते. समोरची बाजूही सांगतो. त्याच कलमात अपवाद आहेत आणि “हे काम सर्वसाधारणपणे कंत्राटदारामार्फतच केले जाते” हा त्यांतील पहिला अपवाद आहे. बहुतेक नगरपरिषदा त्याचाच आधार घेतील. न्यायालयात यावर काय ठरेल ते ठरेल. समितीने आपल्या अहवालात हा मुद्दा नोंदवून त्यावर विधी सल्लागारांचे मत मागवावे, एवढे आज पुरेसे आहे.

कंत्राटी कामगारांविषयीचे प्रकरण 50 किंवा अधिक कंत्राटी कामगार असलेल्या आस्थापनेस लागू होते. म्हणूनच एक मोठा ठेका प्रभागनिहाय तीन तुकड्यांत विभागण्याची युक्ती सुचवली जाते. ती निरुपयोगी आहे, कारण आस्थापनेसाठी मोजदाद सगळ्या ठेक्यांवरील कामगारांची होते. परवाना आवश्यक असताना तो न घेतलेल्या ठेकेदाराकडून कामगार घेतले, तर कलम 54 नुसार ते मुख्य मालकाचेच, म्हणजे नगरपरिषदेचे, कामगार मानले जातात. ठेकेदाराने वेतन थकवल्यास ते देण्याची जबाबदारी कलम 55 नुसार नगरपरिषदेवर येते आणि मग ती रक्कम ठेकेदाराकडून वसूल करता येते. ‘क’ वर्ग नगरपरिषदांत किंवा नगरपंचायतींत कंत्राटी कामगार 50 हून कमी असले तरी वेतन संहितेला अशी संख्येची मर्यादा नाही.

वेतन संहितेतील काही तरतुदी निविदेत शब्दशः घालाव्यात: मासिक वेतन पुढील महिन्याची सात तारीख संपण्यापूर्वी देणे, जादा कामाला किमान दुप्पट दर, कामावरून कमी केल्यास दोन कामकाजाच्या दिवसांत पूर्ण हिशेब, वेतनचिठ्ठी आणि स्त्री-पुरुषांना समान वेतन. “नगरपरिषदेचे बिल निघाले नाही म्हणून पगार झाला नाही” हे कारण कायद्याला मान्य नाही. कामगाराला वेतनाचा दावा तीन वर्षांपर्यंत दाखल करता येतो, म्हणून ठेका संपल्याबरोबर नगरपरिषद सुटली असे होत नाही.

झाडू व घमेले (भुसावळ)

मी बरीच वर्षे सफाई कामगारांच्या संघटनेचे काम पाहिले आहे. वरील दोन्ही प्रतिसाद मोलाचे आहेत, पण त्यांत ऊन दिसत नाही, म्हणून लिहितो.

आपल्या खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत पारा 44-45 अंशांवर जातो, हे इथल्या कोणाला नव्याने सांगण्याची गरज नाही. तरी सफाईच्या वेळा मात्र बाराही महिने त्याच असतात: पहाटेपासून सकाळी अकरापर्यंत एक पाळी आणि दुपारी तीनपासून पाचपर्यंत दुसरी. या दुसऱ्या पाळीत उन्हाळ्यात प्रत्यक्ष किती काम होते, हे स्वच्छता निरीक्षकाला खासगीत विचारून पाहा. डांबरी रस्ता त्या वेळी सर्वाधिक तापलेला असतो आणि मधल्या चार तासांत घरी जाऊन परत येण्याचा खर्च कामगाराच्याच अंगावर पडतो. मार्चअखेर ते जूनच्या पावसापर्यंत सलग एकच पाळी, पहाटे लवकर सुरू करून दुपारपूर्वी संपवणारी, एवढा बदल करायला कोणाचीही मंजुरी लागत नाही. तो सभेच्या ठरावाने आणि मुख्याधिकाऱ्यांच्या आदेशाने होतो. घंटागाडीचा मार्गही त्याप्रमाणे बदलावा लागेल आणि बाजारपेठेतील व्यापारी कुरकुर करतील, कारण त्यांचा कचरा दुकान उघडल्यावर बाहेर येतो. त्यासाठी बाजारपेठेपुरती रात्रपाळी ठेवता येते. महिलांना रात्रपाळी द्यायची असेल तर त्यांची संमती आणि सुरक्षित ये-जा या दोन्ही गोष्टी आता बंधनकारक आहेत, हे मात्र विसरू नये.

हजेरीचे ठिकाण पाहून या. जेथे पहाटे मुकादम हजेरी घेतो, तेथे पिण्याचे पाणी, महिलांसाठी स्वच्छतागृह, कपडे बदलण्याची आणि हात-पाय धुण्याची सोय आहे का? सफाईच्या कामात निम्म्याहून अधिक महिला असतात असे माझ्या पाहण्यातले गाव आहे, आणि तिथे शहराची सगळी सार्वजनिक शौचालये धुणाऱ्या बाईला स्वतःसाठी मात्र हजेरीच्या जागेजवळ सोय नव्हती. मुख्य मालक म्हणून या सोयी पुरवण्याची जबाबदारी नगरपरिषदेची आहे, ठेकेदाराची नव्हे. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्ध 2013 च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती लागते. ती नगरपरिषदेत बहुधा कागदावर असते, पण ठेक्यावरील बाईला तिथे तक्रार करता येते हे तिला कोणी सांगितलेले नसते. मराठीत एक पाटी हजेरीच्या जागी लावली तरी फरक पडतो.

गटारात आणि मैला टाकीत माणूस उतरवण्याबद्दल धोरणात एकही पळवाट ठेवू नये. हाताने मैला उचलण्यास बंदी घालणाऱ्या 2013 च्या वेगळ्या कायद्याने हे काम करवून घेणे हा गुन्हा आहे. मृत्यू झाल्यास कुटुंबाला 10 लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये दिला होता. 20 ऑक्टोबर 2023 च्या निकालाने ती रक्कम 30 लाख केली आणि कायमचे अपंगत्व आल्यास किमान 20 लाख ठरवले. आपल्याकडे गावभर भूमिगत गटारे नाहीत, घरोघरी मैला टाक्या आहेत, आणि त्या उपसण्याचे काम घरमालक परस्पर कोणालातरी देतो. त्यामुळे नगरपरिषद म्हणते की आमचा संबंध नाही. म्हणून सक्शन गाडीची नोंदणी, तिचा दर आणि तिच्यावरील माणसांची नोंद नगरपरिषदेकडे हवी. केंद्राच्या ‘नमस्ते’ योजनेत अशा कामगारांची नोंदणी, सुरक्षा साधने आणि आयुष्मान योजनेचा आरोग्य विमा मिळतो. आपल्या शहराची यादी गेली आहे का, एवढे विचारून घ्यावे.

शेवटचे, जे कोणत्याच कागदात सापडणार नाही. कामावर ठेवण्यासाठी आणि टिकण्यासाठी दरमहा काही रक्कम परत मागितली जाते. पगार बँकेत पूर्ण जमा होतो, एटीएम कार्ड मात्र दुसऱ्याकडे असते. कामगारांकडून शुल्क किंवा कमिशन घेण्यास व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या कलम 49 ने मनाई आहे, पण तक्रार करणाऱ्याचे नाव गुप्त राहील याची हमी दिल्याशिवाय कोणी बोलणार नाही. समितीने कामगारांना नगरपरिषदेच्या इमारतीत बोलावून मुकादमासमोर विचारू नये. वस्तीवर जावे, संध्याकाळी जावे, आणि महिलांशी आपण महिला सदस्यांनी स्वतंत्र बोलावे.

चाळीसगावचा करदाता

सगळे वाचले आणि बहुतेक पटलेही. तरी एक अप्रिय बाजू मांडतो, कारण समितीच्या अहवालावर सभागृहात पहिला हल्ला याच बाजूने होईल.

घरपट्टी भरणाऱ्या माणसाला गटार तुंबलेले दिसते आणि वाढलेला आस्थापना खर्च दिसतो. कायम सफाई कामगारांपैकी काही जण स्वतः येत नाहीत, आपल्या पगारातील थोडी रक्कम देऊन दुसऱ्याच कोणाला पाठवतात, आणि हजेरी मात्र मूळ नावावर लागते. ही गोष्ट गावात सर्वांना माहीत असते. त्या बदली माणसाला ना विमा, ना निधी, ना नाव. कामगार धोरणाचा आढावा घेताना हे झाकले तर अहवालाची विश्वासार्हता राहणार नाही. दुसरे असे की, ठेका स्वस्त पडतो म्हणूनच नगरपरिषदा तिकडे वळल्या. आपण सांगता तसे पूर्ण वेतन, पूर्ण निधी आणि दहा जादा माणसे धरली तर खर्च वाढणार. तो कोठून आणायचा हेही सांगावे लागेल.

निवृत्त लेखापाल, नंदुरबार

बदली माणसांचा मुद्दा योग्य आहे आणि तो टाळू नये. कायम कामगारांची चेहरा ओळखून होणारी हजेरी आणि आरोग्य विभागाबाहेरच्या अधिकाऱ्याकडून अचानक होणारी तपासणी, हे दोन्ही एकत्र केल्याशिवाय तो प्रकार थांबत नाही. केवळ यंत्र बसवले तर यंत्र ‘नादुरुस्त’ राहते.

पैशाबाबत मात्र थोडी दुरुस्ती. ठेका स्वस्त पडतो म्हणून वाढला, हे कारण पूर्ण नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून वेतन व आस्थापना खर्च भागवता येत नव्हता. मात्र दहा लाखांहून कमी लोकसंख्येच्या शहरांना मिळणाऱ्या निधीचा 60 टक्के भाग पाणीपुरवठा व स्वच्छता यांसाठीच बांधलेला होता. तेव्हा तेच काम पगारपत्रकावर घेतले तर स्वनिधीतून पैसे द्यावे लागत आणि सेवेचा ठेका म्हणून दाखवले तर अनुदानातून बिल निघू शकत असे. अनेक नगरपरिषदांनी दुसरा मार्ग धरला तो यामुळे. म्हणजे कोणते काम कायम माणसाने करावे आणि कोणते ठेक्यावर द्यावे, हे कामाच्या गरजेवरून ठरलेच नाही, लेखाशीर्षावरून ठरले. वित्त आयोगाचा तो कालावधी मार्च 2026 पर्यंतचाच असल्याने पुढील निधीच्या अटी प्रत्यक्ष वाचूनच निविदेचा कालावधी ठरवावा. आणि खर्च ‘वाढतो’ असे म्हणताना, आज तो कामगाराच्या निधीतून आणि सुटीतून भागवला जात आहे, एवढे अहवालात आकड्यांसह लिहावे. थकीत वेतनाची जबाबदारी नगरपरिषदेवरच येते हे वर सांगितलेच आहे. तेव्हा ही बचत नसून अंदाजपत्रकात न दिसणारे देणे आहे.

तापीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. नाना, आपण सांगितलेले चार कागद लेखी मागितले आहेत. आणखी दोन शंका आहेत. ठेका दोन-तीन वर्षांचा असेल आणि किमान वेतनातील विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलत असेल, तर मधल्या वाढीचा भार कोणी सोसायचा? आणि जलशुद्धीकरण केंद्रावरील व व्हॉल्व्हवरील जी माणसे थेट नगरपरिषदेच्या रोजंदारीवर आहेत, त्यांना कायम करण्याचा ठराव सभेने केला तर तो टिकेल का? त्या भाऊबंदांच्या घरच्यांनी निवडणुकीतच हा शब्द मागितला होता.

पांझरा

ताई, दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण त्यात आशा लावण्याचा धोका आहे. केवळ सभेच्या ठरावाने कोणाला कायम करता येत नाही. आकृतिबंधात मंजूर पद हवे, सेवाप्रवेश नियमांप्रमाणे पात्रता हवी आणि प्रस्ताव जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत नगरपरिषद प्रशासन संचालनालयाकडे जायला हवा. उमादेवी प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाचा 2006 चा निकाल (नियमबाह्य नेमलेल्या तात्पुरत्या माणसांना हक्क म्हणून कायम करता येत नाही असे सांगणारा) अशा ठरावाविरुद्ध प्रत्येक वेळी पुढे केला जातो. परंतु चित्र एकतर्फीही राहिलेले नाही. 31 जानेवारी 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गाझियाबाद महानगरपालिकेच्या बागकाम करणाऱ्या कामगारांच्या प्रकरणात असे स्पष्ट केले की, कायमस्वरूपाचे काम वर्षानुवर्षे तात्पुरत्या माणसांकडून करून घेणाऱ्या संस्थेला उमादेवी निकालाची ढाल वापरता येणार नाही. त्या कामगारांना अर्ध्या मागील वेतनासह कामावर परत घेण्याचा आदेश झाला. तसेच 2016 च्या जगजितसिंग निकालाप्रमाणे तेच काम करणाऱ्या तात्पुरत्या कर्मचाऱ्यास नियमित वेतनश्रेणीच्या किमान टप्प्याइतके वेतन मागता येते.

म्हणून सभेने आपल्या हाती असलेले पूर्ण करावे. रोजंदारीवरील प्रत्येकाची पहिल्या दिवसापासूनची सेवा जुन्या हजेरीपत्रकांवरून आणि व्हाउचरांवरून पडताळून ज्येष्ठतायादी प्रसिद्ध करावी, तीवर हरकती घ्याव्यात आणि ती यादी सभेपुढे ठेवून अंतिम करावी. मोजदाद सर्वांत आधी करावी, कारण जुनी हजेरीपत्रके वाळवी लागून किंवा कार्यालयाच्या स्थलांतरात नाहीशी होतात आणि मग पुराव्याचे ओझे माणसावरच पडते. या सर्वांना भविष्यनिर्वाह निधी लागू आहे का, हेही तपासावे. नगरपरिषदांना तो कायदा 8 जानेवारी 2011 च्या अधिसूचनेने लागू केलेला आहे, तरी अनेक ठिकाणी रोजंदारीची खाती उघडलेली नाहीत. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार वारसांना मिळणाऱ्या नियुक्त्या, ज्यांचे एकत्रित आदेश 24 फेब्रुवारी 2023 च्या शासन निर्णयात आहेत, हा कायम सफाई कामगारांचा वेगळा विषय आहे; तो या यादीत मिसळू नये, नाहीतर दोन्ही प्रकरणे अडकतील.

घरच्यांना शब्द द्यायचाच असेल तर यादीचा द्यावा, कायम करण्याचा देऊ नये.

निवृत्त लेखापाल, नंदुरबार

पहिल्या शंकेबद्दल. महाराष्ट्रात विशेष भत्ता जानेवारी आणि जुलै अशा दोन वेळा बदलतो, हे निविदा काढतानाच माहीत असते. तेव्हा तो ‘अनपेक्षित वाढ’ म्हणून ठेकेदाराच्या अंगावर टाकणे म्हणजे तो कामगाराच्या अंगावर टाकणे. निविदेत असे कलम घालावे की, अधिसूचना निघेल त्या तारखेपासून वेतनाचा भाग आपोआप सुधारला जाईल व त्यावरील निधी-विम्याचा फरकही नगरपरिषद देईल. मात्र सेवाशुल्क टक्केवारीत न ठेवता रुपयांत निश्चित राहील. टक्केवारीत ठेवले तर प्रत्येक वाढीबरोबर ठेकेदाराचा नफाही वाढतो, आणि लेखापरीक्षणात त्यावर आक्षेप येतो. वार्षिक अंदाजपत्रकात या दोन वाढींसाठी वेगळी तरतूद धरावी, म्हणजे जुलैमध्ये पुरवणी मंजुरीसाठी पळापळ होत नाही.

ठेकेदार बदलला तरी माणसे तीच राहतात. नव्या ठेकेदाराने जुन्या कामगारांना प्राधान्याने घ्यावे आणि त्यांच्या सेवेची नोंदवही नगरपरिषदेने स्वतःकडे ठेवावी, असेही कलम असू द्या. एरवी दर ठेक्यागणिक माणूस नवा ठरतो आणि उपदानाची पाच वर्षे कधीच भरत नाहीत. आता जो ठेका संपत आहे, त्याची सुरक्षा अनामत परत करण्याची टिप्पणी आपल्याकडे येईलच. शेवटच्या महिन्याचे वेतन, बोनस आणि निधीचा भरणा कामगारनिहाय जुळल्याचा दाखला लेखा विभागाने दिल्याशिवाय ती सोडू नये, असा ठराव येत्या सभेच्या विषयपत्रिकेवर आताच घ्यावा. अनामत एकदा गेली की वसुलीसाठी हातात काही उरत नाही.